स्कायलाइटचा कोपरा गळतोय? शीट बदलण्याआधी कट्टा तपासा

प्रश्न अंबाजोगाईच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं घर. हॉलवर ४ बाय ६ फुटांची उजेडाची जागा सोडलीय. तिच्याभोवती विटांचा कट्टा, त्यावर लोखंडी चौकट आणि पॉलिकार्बोनेटची शीट. तीन पावसाळे झाले, एकाच कोपऱ्यातून ठिबकतंय. मिस्त्रींनी दोनदा सिमेंट भरलं, एकदा सिलिकॉन मारलं, गेल्या वर्षी डांबर लावलं. तेवढ्यापुरतं थांबतं, पुन्हा सुरू होतं. आता ते म्हणतात, सगळी शीटच बदला. बदलू का? आणि पंख्याजवळ एक पिवळा डाग आलाय, तो ह्यातलाच का?"

ताई, शीट लगेच बदलू नका. लातूर, बीड, परभणी ह्या पट्ट्यात मी सव्वीस वर्षं गच्च्यांचं काम करतोय. स्कायलाइट गळतो म्हणून मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा शीट धडधाकट असते. पाणी आत येतं ते कट्टा आणि स्लॅबच्या सांध्यातून, नाहीतर चौकटीचे पाय कट्ट्यात जिथे गाडलेत तिथून. नवी शीट त्याच चौकटीवर, त्याच कट्ट्यावर बसणार. पैसे जातील आणि मृगाच्या पहिल्या सरीला कोपरा पुन्हा ठिबकेल.

आधी घरात बसूनच एक गोष्ट बघायची. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पहिला थेंब पडतो आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ पडत राहतो, हे घड्याळ लावून लिहून ठेवा. वाऱ्यासकट सर आली, पाच-दहा मिनिटांत ठिबकायला लागलं आणि पाऊस उघडताच थांबलं, तर वाट वरची आहे: शीटची कड, स्क्रूची भोकं किंवा चौकट. तासाभराने सुरू झालं आणि ऊन पडल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस ठिबकत राहिलं, तर वाट खालची आहे. आपल्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तो पाणी पितो, पोटात धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. कट्ट्याच्या बुडाशी कोब्याला केसाएवढी चीर असली तरी ह्या साठ्याला तेवढी वाट पुरते.

वाऱ्याची दिशाही टिपून ठेवा. जून-जुलैत पाऊस बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो, परतीचा पाऊस येतो तेव्हा वारा बऱ्याचदा पूर्वेकडचा असतो. हस्तात गळतो आणि आर्द्रात गळत नाही असा कोपरा असेल, तर दोष पूर्वेच्या अंगाला शोधायचा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील, तर ती गळती नव्हे. स्वयंपाकघरातली वाफ गार शीटला लागून दव धरतं. त्याला हवा खेळती ठेवणं हाच इलाज.

एवढं झालं की पाण्याची चाचणी. मिस्त्री गच्चीभर पाणी कोंडायचं म्हणतील. उन्हाळ्यात टँकर घेणाऱ्या घराला ते परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. कट्ट्याभोवती फूटभर अंतर सोडून चिखलाचं दोन-अडीच इंच उंच आळं करा. तुमच्या मापाच्या कट्ट्याभोवती दोन इंच पाणी उभं करायला सव्वाशे लिटरच्या आसपास लागेल, म्हणजे सात-आठ घागरी. आळ्यातल्या पाण्याची पातळी कट्ट्यावर पेन्सिलीने आखा. शेजारी एका बादलीत तेवढंच खोल पाणी ठेवा आणि तिलाही आतून खूण करा. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावरचं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उडून जातं. आळ्यातलं आणि बादलीतलं पाणी सारखंच उतरलं, तर ते उन्हाने नेलं. आळ्यातलं ठळकपणे जास्त उतरलं, तर ते खाली गेलं. ही बादली न ठेवल्यामुळे चांगला कोबा फोडून ठेवलेला मी पाहिलाय.

आळं चोवीस तास राहू द्या आणि त्या वेळात कट्ट्यावर एक थेंबही पडू देऊ नका. खाली ओल आली, तर बुडाचा सांधा. नाही आली, तर दुसऱ्या दिवशी तांब्याने कट्ट्याच्या फक्त उभ्या बाजूंवर अर्धा तास पाणी ओता. तरी कोरडं राहिलं, तर कट्ट्याच्या माथ्यावर, चौकटीखाली. आणि शेवटी शीटवर, एकेका स्क्रूवर. खालून वर चढायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. एक जण वर, एक जण खाली बॅटरी आणि खडू घेऊन. पहिली ओल दिसेल तिथे खडूची खूण आणि वेळ.

आता सिमेंट, सिलिकॉन आणि डांबर तिन्ही का टिकले नाहीत, ते सांगतो. सहा फूट म्हणजे साधारण १.८ मीटर. मे महिन्यात पहाटे गच्ची २५ अंशांवर असते, दुपारी उन्हातली शीट ६० अंशांच्या पुढे जाते. ४० अंशांच्या फरकाला १.८ मीटरची पॉलिकार्बोनेटची शीट साडेचार मिलिमीटरहून जास्त लांबते. तेवढंच लोखंड एक मिलिमीटरही लांबत नाही, काँक्रीट त्याहून कमी. म्हणजे एकमेकींना बांधलेल्या तीन वस्तू रोज दुपारी वेगवेगळ्या मापाने पसरतात आणि रात्री आखडतात. आणि कट्टा? स्लॅब ओतल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी, कधी घराचं प्लास्टर सुरू असताना, तो विटांत उभा केलेला असतो. स्लॅबशी तो एकजीव झालेलाच नसतो. त्या फटीत कोरडं सिमेंट भरलं की ते पहिल्याच उन्हाळ्यात एका बाजूने सुटतं. सिमेंट वाईट नसतं, हलणाऱ्या जागी ते हट्टाने उभं राहतं म्हणून तुटतं.

तुमचं सिलिकॉन काढताना एक बघा. टोक उचकटून ओढलं की पट्टी अख्खीच्या अख्खी, सापाने टाकलेल्या कातेसारखी निघून येईल. ती उलटी करून उन्हात धरा. पाठीला सिमेंटची बारीक पांढुरकी भुकटी चिकटलेली दिसेल. सिलिकॉनने भुकटीला घट्ट धरलं होतं, भुकटीने कट्ट्याला धरलेलं नव्हतं. खाली पृष्ठभाग घासलेला नव्हता, झाडलेला नव्हता, प्रायमर नव्हता. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला असेल, तर ते काचेसाठीचं सिलिकॉन होतं. सिमेंटवर ते धरत नाही आणि लोखंडाला गंजवतं. गच्चीवर न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट लागतं. डांबराचं म्हणाल, तर आपल्या उन्हात ते दुपारी वितळून ओघळतं, आणि दोन उन्हाळ्यांत तेल उडून कडक होतं नि तडकतं.

माझ्या स्वतःच्या घरी हेच झालं. जिन्याच्या माथ्यावर मी उजेडासाठी काच बसवली आणि कट्ट्याच्या बुडाशी चांगल्या वाळूचा, १:३ मालाचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) पट्टा ओढला. पुढच्या मे महिन्यात त्या पट्ट्यामागे पोस्टकार्ड सरकेल एवढी चीर होती. मी पुन्हा भरली, ती पुन्हा उघडली. तिसऱ्या वर्षी वडील खाट टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "आपल्या माळवदाच्या साण्याला कधी भेग भरलेली पाहिलीस का?"

खरंच पाहिली नव्हती. साणं म्हणजे माळवदात, मातीच्या धाब्यात, उजेडासाठी, चुलीच्या धुरासाठी ठेवलेलं भोक. त्याच्या कडा माणसं भोवतीच्या मातीपेक्षा उंच घ्यायची, बाहेरच्या बाजूला उतरत्या चोपायची आणि पाऊस आला की वर फरशी नाहीतर परात झाकायची. ते झाकण कडेच्या बाहेर चांगलं वीतभर यायचं. सांध्यात काही भरत नव्हते, कारण पाणी सांध्यापर्यंत पोचतच नव्हतं. दरवर्षी मृगाआधी पांढरी माती टाकून चोपली की झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड माळवदं आणि दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. त्यानंतर आपण स्लॅबकडे वळलो, आणि जिवाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण साण्याची उंच कड आणि बाहेर आलेलं झाकण त्या घाईत मागे राहिलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: फट भरून गळती थांबत नाही, फट झाकावी लागते. सीलंट हा दुसरा पहारेकरी, पहिला नव्हे.

आता काम. आधी सगळं जुनं काढायचं. डांबर पहाटे, गच्ची गार असताना तासायचं. तेव्हा त्याच्या खपल्या निघतात, दुपारी ते पत्रीला चिकटून नुसतं पसरतं. डांबराचा डाग राहिला, तर त्यावर सिमेंटचं कुठलंही कोटिंग धरणार नाही, म्हणून तेवढं प्लास्टर फोडून काढावं लागलं तरी चालेल. प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे ते सुटलेलं आहे, तेवढं उतरवा. कोपऱ्यात सळई उघडी पडून फुगली असेल, तर तारेच्या ब्रशने गंज पार चकचकीत होईपर्यंत घासून गंजरोधक लावा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो नुसता झाकला की वर भरलेला माल पुन्हा ढकलून देतो.

कट्टा आणि कोबा मिळतात त्या रेषेवर कटरने पाऊण इंच रुंद, तेवढीच खोल खाच पाडा. धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. पाणी शिंपडून खाच ओली करा, पण त्यात पाणी साचलेलं नको. एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रव) आणि सिमेंटची पातळ खळ ब्रशने लावा, आणि ती ओली असतानाच लॅटेक्स घातलेला १:३ चा माल दाबून भरा. त्यावर चारही बाजूंनी दोन इंचांचा वाटा काढा. वाटा म्हणजे कोपऱ्यात ओढलेली ती गोलाई. काटकोनात कोटिंग ताणून फाटतं, गोलाईवर फाटत नाही. वाट्यावर गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारा. ह्या सात दिवसांवर सगळे मिस्त्री घाई करतात, आणि आपल्या उन्हात न पाजलेला माल दोन दिवसांत भुसभुशीत होतो.

ह्याच वेळी कट्ट्याची उंची मोजा. पक्क्या कोब्यापासून वर निदान सहा इंच हवी. मी नऊ घेतो. अनेक घरांत कट्टा सुरुवातीला सहा इंचाचा असतो आणि नंतर वर चिनी मोझेक, मग टाइल, असं करत तो तीनवर आलेला असतो. कमी असेल तर विटांचा एक थर चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका. माथ्याचं प्लास्टर सपाट ठेवू नका, बाहेर ढाळ द्या. तुमच्या गच्चीचा उतार स्कायलाइटकडूनच पाइपाकडे जात असेल, तर वरच्या अंगाला पाणी कट्ट्याला अडून उभं राहतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी, आणि ह्यातला मोठा हिस्सा त्या कट्ट्याला धडकून जायचा. तिथे मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी मालाची छोटी पाठ काढा, म्हणजे पाणी दुभंगून निघून जाईल.

मग कोटिंग. दोन घटकांचं, पावडर आणि द्रव मिसळायचं लवचिक सिमेंट-पॉलिमर कोटिंग बाजारात कुठेही मिळतं. स्लॅबवर फूटभर, वाटा, कट्ट्याची पूर्ण उभी बाजू आणि माथ्यावरून आतल्या कडेपर्यंत, सगळं एकसलग. पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी वाट्यावर आणि कोपऱ्यांवर दाबून बसवायची, दुसरा हात आडवा. चारही कोपऱ्यांत जाळीचा एक जास्तीचा तुकडा, कारण गळती कोपऱ्यातच सुरू होते. हे काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर करा. दुपारच्या तापल्या स्लॅबवर कोटिंग ब्रशखालीच सुकतं आणि खाली धरत नाही. मिश्रण कडक व्हायला लागलं की मिस्त्री त्यात पाणी घालतात. घालू देऊ नका. थोडं थोडं कालवा.

चौकट सैल आहे का पहा. तिचे होल्डफास्ट, म्हणजे लोखंडी पाय, कट्ट्याच्या माथ्यात गाडलेले असतात, आणि प्रत्येक पायाभोवती पाणी आत जायला गोल फट तयार होते. माथा कोटिंगने झाकताना पायाभोवती खाच करून त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा. खोली रुंदीच्या निम्मी पुरते. फार खोल असेल तर आधी फोमची दोरी घाला, म्हणजे सीलंट दोन बाजूंना धरेल आणि तळाला मोकळं राहून ताणलं जाईल.

शीटकडे आता यायचं. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठी आहेत का ते पहा. घट्ट भोक असेल तर शीट उन्हात पसरायला जागा शोधते आणि भोकापाशी चिरते. वॉशर ईपीडीएम, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या, रबराचे हवेत, आणि स्क्रू वॉशर दबण्यापुरताच आवळायचा, शीटला खळगा पडेपर्यंत नव्हे. शीट पोकळ नळ्यांची असेल तर नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, वरचं टोक ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद आणि खालचं बारीक छिद्रांच्या पट्टीने, म्हणजे आतली वाफ बाहेर जाईल. उन्हापासून शीटला वाचवणाऱ्या यूव्ही थराची बाजू वर असते. ती उलटी बसली असेल, किंवा शीट पिवळी पडून बोटाने दाबल्यावर कडकड वाजत असेल, तर मात्र बदला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत अशा म्हाताऱ्या शीटांची चाळण झालेली मी पाहिली. वानरं उड्या मारतात तेही हिशोबात धरा.

आणि आता झाकण. शीट कट्ट्याच्या बाहेर दोन-अडीच इंच आलीच पाहिजे. तुमची कट्ट्याच्या कडेबरोबर संपत असणार, असा माझा अंदाज आहे. तशी असेल तर पाणी शीटच्या खालच्या अंगाला चिकटून उलटं आत चालत येतं. चौकटीला चारही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झालर लावून घ्या. ती कट्ट्याच्या तोंडावरून तीन इंच खाली लोंबली पाहिजे आणि भिंतीपासून बोटभर सुटी राहिली पाहिजे. पत्रा ओल्या सिमेंटला चिकटू देऊ नका, त्याला ते खातं. ह्या झालरीमुळे उद्या सीलंट मेलं तरी पाऊस त्याच्यापर्यंत पोचणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि सगळ्या दुरुस्तीत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आत्ता पाऊस सुरू असेल तर ह्यातलं काहीच करू नका. ओल्या कोब्यावर केलेलं काम वाया जातं. ताडपत्री स्कायलाइटवरून कट्ट्याच्या खालपर्यंत उतरेल एवढी घ्या, मधे शीटच्या वर प्लास्टिकचा पाइप आडवा ठेवून तिला पाठ द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि कडा वाळूच्या पिशव्यांनी गच्चीवर दाबा, शीटवर वीट ठेवून नव्हे. शीटवर कुणी पाय देऊ नका. पापड-कुरडया वाळत घालायला पोरं वर जातात, त्यांना एकदा नीट सांगून ठेवा. दुरुस्तीसाठी दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. कोबा वाळलेला असतो आणि ऊन कडक नसतं.

पंख्याजवळचा डाग ह्यातलाच असण्याची शक्यता मोठी आहे. विजेचे पाइप स्लॅबच्या पोटातून जातात. कट्ट्यापाशी शिरलेलं पाणी त्या पाइपात उतरून आठ-दहा फुटांवर पंख्याच्या डब्यात निघतं. आज त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि पंखा उतरवून डबा उघडा. आत ओल किंवा हिरवट गंज असेल तर वायर बदलल्याशिवाय तो एमसीबी वर करू नका. छताला रंग लावून डाग लपवू नका, आळ्याच्या चाचणीत तीच तुमची खूण आहे.

मिस्त्रींशी बोलताना मजुरीचा शेवटचा हप्ता वेगळा ठेवायचं आधीच ठरवा. काम पुरं झालं की त्यांच्यासमोर पुन्हा आळं बांधा, बादली ठेवा, आणि चोवीस तासांनी दोन्ही खुणा सारख्या उतरलेल्या दिसल्या की तो हप्ता द्या.